केसभर फरक

"मान एक, रक्तवाहिनी एक, फोटो एक," डॉ. महेश्वर म्हणाले, "आणि तुम्हा दोघांची मापं दोन. असं कसं?"

गौसभाईंनी वैजयंतीकडे पाहिलं. वैजयंतीनं पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, पण त्या खोलीत बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

सोनोग्राफीच्या फोटोवरून मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत किती जाड झालीय ते मोजायचं, हे त्या दोघांचं काम. पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा दिसतात. खूण नेमकी कुठं करायची, तिथंच सगळी गोम. गौसभाईंचे वडील शिंपी. म्हणून की काय, गौसभाई रेघेच्या जरा बाहेर खूण करायचे, शिवणीला माया सोडल्यासारखी. वैजयंती रेघेच्या आत. त्यांचं माप कायम जाड, तिचं कायम बारीक.

"महिनाअखेरीस याच जुन्या फोटोंवर पुन्हा परीक्षा," डॉक्टर म्हणाले. "फरक गेला नाही, तर एक जण मोहोळच्या तपासणी कॅम्पच्या गाडीवर, रोज रात्री परतायचं. कोण, ते मी ठरवीन."

ठरवायला उरलंय काय, असं वैजयंतीला वाटलं. गौसभाई रिटायरमेंटला आलेले, कमरेला पट्टा. आणि ती गाडी अशी, की धडधाकट माणूसही मोहोळला पेशंट होऊनच उतरावा. म्हणजे जायचं आपल्यालाच.

शिवाय दुपारच्या डब्याचं काय? तिच्या घरची कडक भाकरी आणि गौसभाईंच्या घरची, सरदारबीभाभींच्या हातची शेंगाचटणी, हा संसार कैक वर्षं सुखानं चाललेला. चटणीवाचून ती भाकरी म्हणजे छपराचं कौल.

या वयात गौसभाईंची सवय काही मोडत नाही, तिनं विचार केला. मग आपणच जाड मोजायचं.

ती चहाचा कप घेऊन त्यांच्या खुर्चीमागं उभी राहू लागली.

"काय बघायलीस गं?"

"कुटं काय. चहा पितीय की."

गंमत म्हणजे गौसभाईही तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसू लागले. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं.

"बेटा, ही खूण कशी धरलीस? परत दाखव की."

म्हाताऱ्याला दिसेनासंच झालंय. तिनं फोटो मोठा करून पुन्हा दाखवला.

"गौसभाई, नंबर वाढला काय ओ तुमचा?"

"उमर वाढली." ते हसले. मग डबा उघडता उघडता म्हणाले, "तुझी पोरगी शाळा सुटल्यावर कुणाकडं असती?"

"शेजारच्या नीलम्माकडं. सहाला मी गेलेच पाहिजे. उशीर झाला की रडून गल्ली गोळा करती."

"हां," गौसभाई म्हणाले आणि चटणीचा मोठा ढीग त्यांनी तिच्या भाकरीवर ठेवला.

परीक्षेला दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. वैजयंतीचा हात सवयीनं रेघेच्या आत शिरायचा. ती त्याला मनातल्या मनात दटावायची, गौसभाईंना आठवायची आणि खूण हळूच बाहेर ढकलायची. शेवटच्या फोटोपर्यंत तिनं माया सोडली.

ती बाहेर आली तेव्हा गौसभाई रुमालानं मान पुसत होते.

"जमलं?"

"लई चांगलं. तुमचं?"

"मालिक जाने."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना उभं केलं. समोर लॅपटॉप उघडा होता.

"गाडीवर कुणीच जाणार नाही."

गौसभाईंनी असा सुस्कारा सोडला, की टेबलावरचा कागद उडाला. वैजयंतीला तर तिथल्या तिथं डबा उघडावासा वाटला. जमलं! आणि म्हाताऱ्याला पत्तासुद्धा नाही!

"मोहोळला मीच जाईन तूर्त," डॉक्टर म्हणाले. "इथला कॉम्प्युटर दुरुस्तीला पाठवतोय."

"कॉम्प्युटर?" दोघं एकदमच म्हणाले.

"मग काय! फरक होता तेवढाच आहे, केसभर कमी नाही," डॉक्टरांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "पण मागच्या खेपेला जाड माप गौसभाईंचं होतं आणि बारीक तुमचं. आता जाड तुमचं आणि बारीक गौसभाईंचं. अहो, माणसांचे हात कधी असे एकमेकांत बदलतात का?"