पुईला हाक

"आईनंच हाक मारायची असते," भंते म्हणाले. "रस्त्यावर गेलेला जीव दुसऱ्या कुणाच्या आवाजाला उठत नाही. मार, नुआन."

नुआननं हाक मारली नाही. थायलंडातल्या उदोनच्या रस्त्याकडेला, वळणावर, ती चटई टाकून बसली होती. पुढ्यात ताट. ताटात चिकट भाताचा गोळा, उकडलेलं अंडं, मेणबत्ती, आणि तिच्या मुलीचा, पुईचा, कारखान्यातला निळा शर्ट. हाक मारली की जीव त्या शर्टावर येऊन बसतो, मग त्याला घरी न्यायचा. लोक हे तिसऱ्या दिवशी उरकतात. नुआननं नऊ महिने केलं नव्हतं. ज्या ट्रकवर पुईची मोटरसायकल आदळली, त्या ट्रकच्या कंपनीनं आज तिला गाडीत घालून आणलं होतं. भंते कंपनीनं आणलेले. अंडंसुद्धा कंपनीचं.

"मावशी, बारा वाजत आले," कंपनीचा वकील म्हणाला. "दीडला कोर्टात तडजोड नोंदवायचीय. पोरीचा तरी विचार करा. नऊ महिने उन्हापावसात उभी आहे बिचारी."

"तुला दिसली?"

"मला कशी दिसेल? ड्रायव्हर लोकांना दिसते. लाल हेल्मेट घालून हात करते म्हणे." कडेला ड्रायव्हरांनी तिच्यासाठी ठेवलेल्या लाल सरबताच्या बाटल्या होत्या, प्रत्येकीत नळी. वकिलानं त्यांच्याकडं पाठ केली. "उसाचा हंगाम सुरू झालाय. या वळणावरून ट्रक न्यायला एकजणही तयार नाही. शेठ हैराण झालेत."

"का रे घाबरतात? तुमचा ट्रक टायर फुटून उभा होता, मागचा दिवा चालू होता, इशारा म्हणून रस्त्यावर फांद्या टाकल्या होत्या, पोरीचंच लक्ष नव्हतं. कागदावर असंच लिहिलंय ना तुम्ही? मग तिचं तुमच्याशी काय भांडण?"

वकील हसला. "भुताचं कोर्टात चालत नाही, मावशी. आणि साक्षीदार तुमच्याकडं एकही नाही. चूक दोघांची, एवढं मान्य करा. भरपाई घ्या, मोकळ्या व्हा."

"भरपाई घेणारच. सोडते की काय! पण चूक पोरीच्या माथी मारून नाही."

भंतेंनी पांढरा दोरा उलगडला. "आधी माफी होऊ द्या. ज्याच्या हातून झालं त्यानं मागायची."

"हो, हो," वकील म्हणाला. "त्यासाठीच तर आणलाय त्याला. ए सुबिन, ये इकडं."

वकील बँकॉकचा. त्याला वाटलं, फुलं ठेवायची, वाकायचं, झालं. इकडं तसं नसतं. मेलेल्याची माफी मागताना आपण काय केलं ते मोठ्यानं सांगावं लागतं, सगळं. काही गाळलं तर मेलेला घरापर्यंत मागं येतो.

ट्रकचा ड्रायव्हर सुबिन चपला काढून गुडघ्यांवर बसला. कपाळ डांबराला टेकवलं.

"पुई, मी सुबिन. गाडी माझ्या हातात होती. मागचा दिवा महिनाभर बंद होता. शेठना सांगितलं होतं. ते म्हणाले, हंगाम संपू दे."

"सुबिन!" वकील ओरडला. "पुरे तेवढं."

"अर्ध्यात नाही थांबता येत, साहेब." त्यानं मान वर केली नाही. "फांद्या नव्हत्या. तू धडकलीस तेव्हा रस्त्यावर काहीच नव्हतं. मी आधी शेठना फोन केला. ते म्हणाले, फांद्या टाक, फोटो काढ, मग ॲम्ब्युलन्स बोलाव. मी कोयता काढला. तू जिवंत होतीस, पुई. तू पडल्या पडल्या माझ्याकडं बघत होतीस."

नुआनचा हात शर्टावर होता. तो तिथंच राहिला.

"किती तोडल्यास?"

"काय, मावशी?"

"फांद्या."

"सहा."

तिनं शर्ट ताटातून उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाली, "हे कोर्टात सांगशील?"

सुबिननं वकिलाकडं बघितलं. "मला पोरं आहेत, मावशी. दुसरं काम कोण देणार मला?"

"तो काही सांगणार नाही," वकील म्हणाला. "आणि इथं कुणी काही ऐकलेलं नाही. काय भंते?"

भंतेंनी दोऱ्यात नजर घातली. विहाराचं नवं छत शेठनं घालून दिलं होतं.

मेलेलीची भीती सगळ्यांना होती. जिवंत बाईची कुणालाच नव्हती.

नुआन उठली. शर्ट दोन्ही हातांत धरून रस्त्याच्या अगदी काठाशी गेली, आणि संध्याकाळी पोराला जेवायला बोलवावं तशी ओरडली, "पुईऽऽ! ऊठ गं. बस झालं इथं उभं राहणं. चल."

भंतेंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मंत्र सुरू केला.

"पण घरी नाही," नुआन म्हणाली. "घरी नंतर जाऊ. आधी कोर्टात जायचंय. दीडला. हा सुबिन येतोय, याच्या शेजारी बस. कोर्टात हा बोलेपर्यंत याला सोडू नकोस. आणि नाहीच बोलला, तर याच्याबरोबर याच्या घरी जा; घर तुला माहीत नसलं तरी कळेल."

मंत्र मध्येच तुटला.

"हा काय तमाशा आहे?" वकील म्हणाला. तो जाऊन कंपनीच्या गाडीत पुढं बसला, दार लावलं, आणि मागचं दाखवणारा आरसा छताकडं वळवून टाकला.

मागच्या उघड्या भागात समोरासमोर दोन बाकं होती. नुआन एकावर बसली. सुबिन चढला, दुसऱ्यावर बसला. अख्खं बाक रिकामं होतं. तो पार कोपऱ्याला सरकला आणि शेजारी सांडलेला उसाचा पाला हातानं झाडून, एका माणसापुरती जागा त्यानं स्वच्छ केली.