चौथा वाफा

"फरशी घासून माझे हात झिजले, तरी या स्वयंपाकघराचा वास जाईना. आणि ही बाई मातीला साखरपाणी पाजतेय!" आत्या दारातूनच करवादली.

थोरलीने लक्ष दिलं नाही. जुनं तेल गाळण्याचा कारखाना बंद पडून वर्षं झाली होती, पण त्याचं मैदान अजून काळंच होतं. कडेची एक पट्टी मैदानाचा निकाल लावायला नेमलेल्या समितीने तिला प्रयोगासाठी दिली होती. बाकी मैदान कुंपणाआड, सील ठोकून.

पट्टीवर तिने सहा वाफे आखले. पाचांत चिकणमाती आणि साखरपाण्यावर पोसलेले जिवाणू घातले. चिकणमाती तेल धरून ठेवायची, जिवाणू ते निवांत खायचे. चौथा वाफा मात्र मुद्दाम उपाशी ठेवला. माती आपोआप सुधारत नाही, हे दिसायला नको? नाहीतर समिती मैदानावर सिमेंट ओतून मोकळी होणार होती, आणि खालचं विष विहिरींकडे झिरपतच राहणार होतं.

"आई असती तर खूश झाली असती," ती म्हणाली.

आत्या लगबगीने फडकं पिळायला गेली. आईचा, तिच्या आजाराचा विषय निघाला की या घरात सगळ्यांना कामं आठवत.

बाबा ओसरीवर बसले होते. तीस वर्षं त्याच कारखान्यात मुकादम. हे घर मालकाने त्यांना इमानाचं बक्षीस म्हणून दिलेलं. आई गेल्यापासून ते जेवायलाही आत येत नसत.

दुपारी तपासणीचा अहवाल आला. सहाही वाफे स्वच्छ. चौथासुद्धा.

थोरलीने अहवाल पुन्हा वाचला; उपाशी वाफाही स्वच्छ, म्हणजे तिच्या औषधाने काही झालं हे समितीला पटणारच नव्हतं. मग तिचं लक्ष बाबांच्या नखांकडे गेलं. नखांत चिकणमाती.

"बाबा, चौथ्यात तुम्ही हात घातलात?"

"घातला. तुझ्याच मापाने, रोज पहाटे."

"अहो, तोच एक तसा ठेवायचा होता! सगळ्यांना सांगून थकले मी."

"माझ्या हाताने जमतं का, बघायचं होतं."

"तुम्हाला कशाला जमायला हवं?"

 थोरलीने डोळे पुसले, पदर खोचला. "असू दे. मुदत वाढवून घेते, पुन्हा वाफा घालते. पण तसलीच काळी माती हवी, औषध न लागलेली. समिती आता चिमूटभर देणार नाही."

"मिळेल."

बाबा उठले. कोपऱ्यातली पहार घेऊन, कित्येक वर्षांनी, त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला.

"दादा, नको," आत्या पुटपुटली.

"कारखान्यातल्या तेलाच्या गाळाची आठ पिंपं होती," बाबा थोरलीला म्हणाले. "मीच इथे ओतली, मीच वर भराव घातला. मालकाने त्यावर घर बांधून दिलं. तुझी आई बसायची ना, ती फरशी आधी काढू."