हळदीचा पहिला हात

राजनंदिनीची गाडी दारात थांबली तेव्हा चंद्रभागाबाई आपल्या लेकीला, वनमालेला, स्वयंपाकघरात बसवून बाहेर येत होत्या. हळद लागून नवरीची आंघोळ होईपर्यंत मांडवात पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी तिला बजावलं होतं. नवरी, म्हणजे संस्कृती, वनमालेचीच पोर. नवरा वारल्यावर वनमाला तिला तान्ही घेऊन माहेरी आली ती इथलीच झाली. पोरीला वाढवलं तिनं, शिकवलं तिनं. पण हळदीला विधवेचा हात चालत नाही. हा नियम काही चंद्रभागाबाईंनी केलेला नव्हता. त्यांनी फक्त तो उभ्या युसूफ वडगावात कुणाला मोडू दिला नव्हता.

गाडीतून उतरली ती कोण, तर जिच्या गाण्याशिवाय जिल्ह्यातली एक वरात पुढं सरकत नाही, ती. दुसऱ्या दिवशी केजला तिचा कार्यक्रम होता. आयोजक चंद्रभागाबाईंच्या मालकांच्या, सुंदररावांच्या बैठकीतले. त्यांनी शब्द टाकला आणि राजनंदिनी घटकाभर हळदीला यायला कबूल झाली.

तसं चंद्रभागाबाईंना गाणाऱ्या बायांचं कौतुक नव्हतं. टीव्हीवर उघड्या पाठीची एखादी नाचताना दिसली की हिच्या आईला कापड कमी पडलं का, असं त्या विचारायच्या. राजनंदिनीची गोष्ट वेगळी. उमापूरची पोर, कापूस वेचताना गायची. लग्न झाल्यावर नवऱ्यानंच मोबाईलवर तिचं गाणं उतरवलं, ट्रॅक्टरवाल्याला झापणाऱ्या पोरीचं, आणि दिलं जगाला धाडून. पुढं पुण्याच्या स्टुडिओवाल्यानं त्याला खालून डीजेचा ठोका लावला आणि ते असं सुटलं की दुबईच्या मराठी मंडळींनी तिला विमानानं नेलं. तिथंही ती उभी राहिली ती काठापदराच्या साडीत. कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. हे सगळं कुणामुळं, असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, आमच्या ह्यांनी गायला लावलं. एवढी मोठी झाली, पण मान नवऱ्याला. चंद्रभागाबाईंनी हे आपल्या सुनांना इतक्यांदा ऐकवलं होतं, की सुना राजनंदिनीचं गाणं लागलं की आवाज बारीक करायच्या.

नवरा मात्र कधी कुठं दिसायचा नाही. त्याचंही चंद्रभागाबाईंना बरंच वाटे. बायकोच्या फोटोत घुसणारा नव्हे. शेतीभाती बघत असेल गरीब.

राजनंदिनी पाटावर न बसता बायकांत सतरंजीवर बसली. चहा बशीत ओतून प्याली. बायकांनी तिला घेरलं आणि नाव घ्या, नाव घ्या म्हणून धोशा लावला. ती हसली. नाव घ्यायला गेलं की गळा दाटतो, त्यापेक्षा गाणं म्हणते, म्हणाली. एवढी हजारो माणसांपुढं गाणारी, आणि नवऱ्याच्या नावाला लाजते. चंद्रभागाबाईंनी सुनांकडं एक नजर टाकली. सुनांनी पदर सारखे केले.

हळदीची वाटी पुढं आली तशी राजनंदिनीनं इकडंतिकडं पाहिलं.

"नवरीची आई दिसंना."

"वनमाला आत हाय."

"बोलवा की. पहिला हात आईचा पाहिजे."

चंद्रभागाबाईंनी आवाज उतरवला. "नवरा गेलाय तिचा. पोरीच्या संसाराला कशाला अपशकुन करावा?"

"मग पहिला हात कुणाचा?"

"तुजा. म्हणून तर तुला बोलावलं."

"बघा बरं आज्जी. मागून बोल लावाल."

"मी बोल लावीन व्हय? सांगते तुला, लाव."

"तुमी सांगता म्हणून लावते," राजनंदिनी म्हणाली, आणि आंब्याचं पान वाटीत बुडवलं.

लावताना ती गायली. माइक नव्हता, ठोका नव्हता, टाळ्या होत्या फक्त. शब्द तिथंच जुळवलेले. नवरीला न्हाऊ घालणारे, तिची वेणी ओढणारे, परीक्षेला डबा भरून देणारे हात, असं कायबाय. आवाज असा की मांडवाबाहेर आचाऱ्याचा झारा थांबला. सुंदरराव बैठकीतून उठून आले आणि खांबाला धरून उभे राहिले. संस्कृतीच्या गालावरची हळद डोळ्यांतल्या पाण्यानं ओघळली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत वनमाला तोंडात पदर कोंबून उभी होती, पण पाय बाहेर टाकत नव्हती.

गाणं संपलं. चंद्रभागाबाईंनी नातीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. मग साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा गं. कसं तेज चढलंय. भरल्या कपाळाच्या बाईचा हात लागला की असं व्हतं."

बायकांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकीनं पोरीची दृष्टच काढली.

चंद्रभागाबाईंना आज कुणाचं काही देणं ठेवायचं नव्हतं. त्यांनी राजनंदिनीची खणा-नारळानं ओटी भरली, वर पैठणी ठेवली. मग आतून दुसरं ताट मागवलं. त्यात धोतरजोडी, टॉवेल, टोपी.

"हे तुज्या मालकांना. म्हणावं, एकदा तरी येऊन जा आमच्या घरी. बायकोला असं वर काढणारा माणूस मला डोळ्यानं बघायचाय."

राजनंदिनीनं ताटाला हात लावला नाही. ती उठली, चंद्रभागाबाईंच्या पाया पडली, आणि वाकल्या वाकल्या फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं बोलली.

"आमचे हे जाऊन सात वर्सं झाली, आज्जी. आता पोरीच्या अंगाची हळद धुवायची, का वनमालाताईला बोलवायचं, ते तुमीच सांगा."