खुब्यातली प्लेट

डॉक्टरांनी भिकोबांच्या खुब्यावरून यंत्र फिरवलं. मोडलेलं हाड सांधणारी प्लेट आत बसवून तीन महिने झाले होते, आणि ती प्रत्येक पाऊल लक्षात ठेवत होती.

“छान! रोज दुपारी दोन हजार पावलं. चढसुद्धा चढता की!”

भिकोबांनी मान खाली घातली. बायको खुरपणीला गेली, की ते टेकडीवरच्या देवळात पत्ते खेळायला जात. संध्याकाळी मात्र पाऊल टाकवत नाही म्हणून कण्हत, आणि तीच चांगुणाबाई सुजल्या गुडघ्यांनी त्यांना मोरीपर्यंत धरून नेई.

“मीच म्हणते, चालत जावा,” चांगुणाबाई नवऱ्याकडं न बघता डॉक्टरांना म्हणाली.

निघताना तिनं नेहमीसारखा खांदा पुढं केला.

“धरा. इथं चढ नाही, पण धरा.”

भिकोबांना हात उचलवेना.