मुंगीची मूठ

खोलीत एवढी शांतता होती, की भिंतीवरच्या घड्याळाला टिकटिक करायची चोरी झाली होती.

टेबलावर एक पितळी घंटा. तिच्यासमोर आईच्या मांडीवर सहा वर्षांची मुंगी, उजवी मूठ जन्मापासून मिटलेली. शेजारी आजोबा, धंद्याने शिंपी. घोडा न थांबवता धावत्या घोडेस्वाराच्या अंगावर कोट शिवला, वर काजंही केली, असं ते आजही शपथेवर सांगत.

"बाही वर करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाही वर जाईना. कालच आजोबांनी ती मुद्दाम बोटांवर येईल एवढी लांब आणि मनगटाशी घट्ट शिवली होती.

"नवी फॅशन आहे," आजोबा म्हणाले.

"मी जुन्या वळणाची आहे, आजोबा. बटण काढा."

एका झटक्यात सुईत दोरा ओवणारी बोटं त्या बटणावरून तीनदा घसरली.

मेंदूला जन्मतःच इजा झालेल्या मुलांवर या इस्पितळात मूळपेशींचा नवा उपचार करून बघत होते. गुण येईलच, असं कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. तरी आई चार वर्षं याच दाराकडे डोळे लावून होती. जागा एकच उरली होती. आणि मूठ आपणहून उघडणारं मूल या चाचणीत बसत नव्हतं.

मुंगीची मूठ आठ दिवसांपूर्वी उघडली होती. आयुष्यात पहिल्यांदा, एकदाच. मुंगीने नवं काही केलं, की हातातलं टाकून सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या, ही त्या घरची रीत. त्या दिवशी तळहात लाल झाले. मग आजोबांनी हुकूम सोडला, "कुणी काही बघितलेलं नाही. मीसुद्धा." थापांमध्ये त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून आई निर्धास्त होती.

"एरवी कधी उघडते मूठ?"

"छे हो! कुलूप लावून वरच्याने किल्लीच हरवलीय."

डॉक्टरीणबाईंनी घंटा वाजवून मुंगीपुढे धरली. तीस सेकंद. काही नाही. कागदावर एक फुली पडली.

दुसऱ्यांदा अंगठा थरथरला. रोज सकाळी 'उघड गं, राणी' म्हणून विनवणारी आई मनातल्या मनात 'नको, नको' म्हणत होती. दुसरी फुली.

"ही शेवटची."

घंटा वाजली. मुंगीने मान तिरकी केली. आधी करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. मग एकेक करत पाचही. इवलासा तळवा पुढे सरकला आणि घंटेला टेकला.

टाळ्या कडाडल्या.

आईचे दोन्ही हात मुंगीच्या पोटाभोवती घट्ट होते. टाळ्या आजोबांच्या होत्या. त्यांनी आपल्याच हातांकडे परक्याचे असावेत तसं पाहिलं.

"हे आज पहिल्यांदाच ना, आजोबा?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

आजोबांनी तोंड उघडलं. पहिल्यांदाच असती, तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं; डॉक्टरीणबाईंनी एवढी वाट मोकळी करून दिली होती, पण साधी थापसुद्धा सुचेना.

तिसरी फुली न मारताच डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं; चाचणीतली जागा गेली.

मुंगीने मूठ मिटली, पुन्हा उघडली. पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. आणि टाळ्या का थांबल्या म्हणून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.