कंडक्टरची पिशवी

शाळेच्या आनंदबाजारात प्रांजलच्या टेबलाशी सगळ्यात जास्त गर्दी होती, आणि तिच्या गळ्यातली पिशवी मात्र सकाळी होती तेवढीच हलकी होती.

चामड्याची ती पिशवी तिच्या आजोबांची. धोंडू आजोबांनी चौतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली ती ही पिशवी खांद्याला लावूनच. गेले पंधरा दिवस बोरीवलीच्या घरात ते रोज संध्याकाळी नातीला डोळे मिटायला लावत आणि नाणी ओळखायला शिकवत. पाचाचं जाड. दहाचं मोठं, मधली चकती वेगळी, नखाला सांधा लागतो. सहा वर्षांची पोर आता चिल्लर नुसत्या बोटांनी मोजायची.

"पिशयेतले पैशे आपले नसतत हां," ते बजावायचे. "डेपोत मोजून देईपर्यंत हात लावूचो नाय."

आजचा डेपो म्हणजे अक्षता टीचर, असं दोघांचं ठरलं होतं. बाजार संपल्यावर प्रत्येक मुलाने आपली कमाई त्यांच्यासमोर मोजायची होती.

प्रांजलच्या बाबाने, निलेशने, सकाळी कबूलही केलं होतं. "नाही आणत गं बाई स्कॅनर. नाणीच घे तू." आणि दहा वाजता तो आपल्या मोबाइलच्या दुकानातून आला, टेबलावर स्कॅनरचं स्टिकर चिकटवलं आणि शेजारी दुकानातला तो बोलणारा डबा ठेवला.

"अगं, लोकांकडे कुठे असतात सुट्टे? बघ, झकास धंदा होईल तुझा!"

झाला. कोकमाचं सरबत, दहा रुपये ग्लास. लोक यायचे, फोन धरायचे, डबा ओरडायचा, "दहा रुपये मिळाले." प्रांजल प्रत्येकाला सांगायची, "माझ्याकडे सुट्टे आहेत. पन्नासची नोट दिली तरी चालेल." लोक तिचा गालगुच्चा घेऊन पुढे जायचे. आजोबा स्टुलावर बसून ग्लास विसळत होते. राग आला होता, पण मुलाच्या धंद्यातलं आपल्याला काय कळतंय, म्हणून तोंड दाबून बसले.

एक वाजता अक्षता टीचर वही घेऊन आल्या. शेजारच्या टेबलावर निहारने रुमालावर नाण्यांचा ढीग ओतला आणि मोजताना तीनदा चुकला. प्रांजलने डोळे मिटले, पिशवीत हात घातला. तिचे ओठ हलत होते.

"साठ. पण हे आजोबांनी सुट्ट्यासाठी दिलेले. माझे बाबांकडे आहेत. चोवीस ग्लास, दोनशे चाळीस."

तिने बाबापुढे ओंजळ धरली.

निलेशने फोन खिशात सरकवला. "ते गेले गं. दुकानात मोबाइलची कव्हरं देणारा उधारीसाठी मागे लागला होता, त्याला पाठवून टाकले मघाशीच. उद्या देतो ना तुला."

"टीचरना मोजून दाखवायच्या आधीच?"

"अगं, माझ्याच खात्यात आले होते ना यार!"

प्रांजल रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं आजोबांना वाटलं. पोराने पोरीला फसवलं ते फसवलंच, वर पंधरा दिवसांची त्यांची शिकवणी पार मातीत घातली. हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

ती त्यांच्याकडे वळली. "आजोबा, डेपोत जायच्या आधीच कंडक्टरने पैसे खर्च केले तर?"

आजोबांनी हातातला ग्लास खाली ठेवला. मुलाकडे बघत म्हणाले, "घराक बसवतत."

निलेश हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. टीचरना अवघडल्यासारखं झालं. त्यांनी वही काखेत मारली आणि फोन काढला. "चल, मलाही दे एक ग्लास. आजचं तुझं शेवटचं गिऱ्हाईक मी."

प्रांजलने सरबत काठोकाठ भरलं आणि ग्लास पुढे सरकवला. मग दोन्ही तळवे त्या स्टिकरवर घट्ट दाबून धरले.

"सुट्टे द्या," ती म्हणाली.