तळमजल्यावरचा ढ

इंग्रजीच्या शिक्षिकेची नोकरी हवी, तर तिला ‘नाउन फ्रेज’ या व्याकरणाच्या घटकावर नमुना पाठ घ्यावा लागणार होता, आणि वर्गासमोर उभे राहताच तिची बोबडी वळत असे.

तिच्या इमारतीच्या तळमजल्यावर शिलाई यंत्रे दुरुस्त करणारे आजोबा म्हणाले, “आधी मला शिकव. मी पक्का ढ आहे.”

आठ दिवस त्यांनी तिला पिडले.

“‘द ओल्ड मॅन विथ द अम्ब्रेला’ हे सगळं कशाला? नुसता म्हातारा पुरे की.”

“आजोबा, म्हातारे दहा असतील. आपला कोणता, ते छत्रीच सांगते.”

पाठाच्या दिवशी मुलांनी नेमक्या त्याच शंका काढल्या आणि तिने त्या हसत सोडवल्या. नोकरी मिळाली. मुख्याध्यापिकांनी शाळेत चालणारे व्याकरणाचे पुस्तक तिच्या हाती ठेवले.



मलपृष्ठावरील लेखकाच्या छायाचित्रातून तळमजल्यावरचे आजोबा तिच्याकडे पाहत होते.